विवर्धकाची शक्ती आणि आवाजाचा मोठेपणा

घरगुती संगीतयंत्रणेच्या जाहिरातीत वॅटचा आकडा नेहमी अग्रभागी असतो. ज्याला व्यवहारात ॲम्प्लिफायर म्हणतात त्या विवर्धकाच्या वेष्टनावर १०० वॅट असे छापलेले असले, की ५० वॅटच्या विवर्धकाहून तो दुप्पट मोठा आवाज देईल, अशी ग्राहकाची सहज समजूत होते. ५०० वॅटची यंत्रणा तर या हिशेबाने दसपट मोठी ठरते. ही समजूत केवळ सामान्य ग्राहकाचीच असते असे नाही. डेसिबेलचे सूत्र ज्याला मुखोद्गत आहे असा भौतिकीचा विद्यार्थीही दुकानात उभा राहिला म्हणजे ते सूत्र विसरतो व आकड्यांची साधी तुलना करू लागतो.

वॅट हे शक्तीचे, म्हणजे दर सेकंदाला खर्ची पडणाऱ्या ऊर्जेचे माप आहे. आवाजाचा मोठेपणा ही मनुष्याच्या श्रवणेंद्रियास होणारी संवेदना आहे. या दोहोंमध्ये विवर्धक, ध्वनिक्षेपक, खोली आणि कान अशी चार कड्यांची साखळी आहे. आणि प्रत्येक कडीशी मूळ आकड्याचा अर्थ पालटत जातो. एका टोकाच्या आकड्यावरून दुसऱ्या टोकाचे अनुमान करावयाचे तर मधल्या सर्व कड्या ठाऊक असाव्या लागतात. त्या ठाऊक नसल्या म्हणजे पैसा तर वाया जातोच, पण प्रसंगी ध्वनिक्षेपक जळतो, आणि कानाला कायमची इजाही होऊ शकते. प्रस्तुत लेखात या साखळीचे क्रमाने विवेचन केले आहे.

१. विवर्धक : वॅटचा आकडा कसा ठरतो

विवर्धकाचे कार्य असे, की ध्वनिमुद्रणातून येणाऱ्या क्षीण विद्युत् दाबाची हुबेहूब पण मोठी प्रतिकृती निर्माण करावयाची, आणि ती करताना ध्वनिक्षेपकाला लागेल तेवढा प्रवाह पुरवावयाचा. ध्वनिक्षेपकाचा नाममात्र संरोध बहुधा ८ ओहम किंवा ४ ओहम असतो. ८ ओहमच्या भारात १०० वॅट शक्ती द्यावयाची, तर विद्युत् दाबाचे वर्ग-माध्य-मूळ मूल्य २८.३ व्होल्ट असावे लागते व प्रवाह सुमारे ३.५ अँपिअर असतो. ज्यातरंगाच्या शिखरावर हाच दाब ४० व्होल्टपर्यंत चढतो, प्रवाह ५ अँपिअर होतो, आणि त्या क्षणापुरती शक्ती २०० वॅट असते.

येथेच पहिल्या घोटाळ्याचे मूळ आहे. एकाच यंत्राला सरासरी शक्ती पाहिली तर १०० वॅटचे आणि क्षणिक शिखर पाहिले तर २०० वॅटचे म्हणता येते. दोन वाहिन्यांची बेरीज केली की ४०० वॅट होतात. भार ८ ओहमऐवजी ४ ओहमचा धरला, विकृतीची मर्यादा सैल केली आणि सर्व कंप्रतांऐवजी एकाच सोयीस्कर कंप्रतेवर मापन केले, तर आकडा आणखी फुगतो. काही दशकांपूर्वी भारतातील स्वस्त टेपरेकॉर्डरांवर आणि संगणकाच्या छोट्या ध्वनिक्षेपकांवर ‘पी.एम.पी.ओ.’ या अक्षरांसह शेकडो, क्वचित हजारो वॅटचे आकडे छापलेले असत. या संज्ञेला सर्वमान्य व्याख्या नव्हती. भिंतीवरील जोडणीतून जे यंत्र २० वॅट घेते, ते १,००० वॅट सलग देऊ शकत नाही, हे ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमावरूनच उघड आहे.

अमेरिकेत याच प्रकारच्या गोंधळामुळे १९७४ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती विवर्धकांच्या शक्तीविषयी नियम केला. शक्तीचा आकडा सांगताना तो किती ओहमच्या भारात, कोणत्या कंप्रतांच्या पट्ट्यात व किती विकृती मान्य करून काढला आहे, हे सांगणे त्या नियमाने आवश्यक केले. २०२४ मध्ये या नियमात दुरुस्ती होऊन मापनाच्या अटी एकसारख्या करण्यात आल्या : ८ ओहमचा भार, २० ते २०,००० हर्ट्झचा पट्टा आणि विकृतीची ठरावीक मर्यादा. यावरून घ्यावयाचा बोध साधा आहे. अटींशिवाय सांगितलेला वॅटचा आकडा हे मापन नव्हे.

‘आर.एम.एस. वॅट’ हा शब्दप्रयोगही काटेकोर नाही. वर्ग-माध्य-मूळ मूल्य असते ते दाबाचे किंवा प्रवाहाचे. त्यांच्या गुणाकारातून मिळते ती सरासरी शक्ती होय. तथापि हा प्रयोग व्यवहारात इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ ‘सलग सरासरी शक्ती’ असा समजून पुढे जाणेच इष्ट.

आवाजाच्या बटणाविषयीही एक गैरसमज रूढ आहे. बटण अर्ध्यावर असताना निम्मी शक्ती खर्च होते, आणि ते पूर्ण फिरविल्यावरच विवर्धक आपली पूर्ण शक्ती देतो, असे मानले जाते. वास्तविक बटण केवळ आत येणाऱ्या संकेताचे प्रमाण ठरविते. संकेत पुरेसा सबळ असेल, तर बटण मध्यावर येण्यापूर्वीच विवर्धक आपल्या मर्यादेला पोचू शकतो. तेथून पुढे बटण फिरविल्याने शक्तीपेक्षा विकृतीच अधिक वाढते.

२. ध्वनिक्षेपक : ऊर्जेचे उधळे रूपांतर

ज्याला सर्वत्र स्पीकर म्हणतात तो ध्वनिक्षेपक विद्युत् ऊर्जेचे ध्वनिऊर्जेत रूपांतर करतो. आज प्रचलित असलेल्या रचनेचा पाया १९२५ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी घातला. चुंबकीय क्षेत्रात लोंबणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू, अशी ही रचना आहे. शंभर वर्षांत चुंबक बदलले, शंकूचे द्रव्य बदलले. परंतु तत्त्व तेच राहिले.

या रचनेची कार्यक्षमता मात्र फारच थोडी असते. ती समजण्यासाठी ‘संवेदिता’ हे परिमाण पाहावे लागते. ध्वनिक्षेपकाला १ वॅट शक्ती दिली असता समोर १ मीटर अंतरावर जी ध्वनिदाब पातळी मिळते, तिला त्याची संवेदिता म्हणतात. ही पातळी २० मायक्रोपास्कल हा संदर्भदाब धरून डेसिबेलमध्ये सांगतात. घरगुती ध्वनिक्षेपकांची संवेदिता सामान्यतः ८४ ते ९२ डेसिबेलच्या दरम्यान असते.

आता समजा, १ वॅट ध्वनिशक्ती अर्ध्या गोलात सर्वत्र सारखी पसरली, तर १ मीटरवर सुमारे ११२ डेसिबेल पातळी मिळेल. ८८ डेसिबेल संवेदितेचा ध्वनिक्षेपक यापेक्षा २४ डेसिबेलांनी खाली आहे. म्हणजे त्याची कार्यक्षमता सुमारे ०.४ टक्का भरते. विवर्धकाकडून आलेल्या प्रत्येक वॅटातील ४ मिलिवॅट ध्वनिरूपाने बाहेर पडतात. बाकी सारे वेटोळ्याची तार तापविण्यात जातात. ऊर्जेच्या दृष्टीने पाहिले तर ध्वनिक्षेपक हे एक विजेचे तापकयंत्र असून ते जाता जाता थोडासा ध्वनी निर्माण करते, असे म्हणावयास हरकत नाही.

या उष्णतेचा आवाजावर प्रत्यक्ष परिणाम होतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. सलग मोठ्या शक्तीमुळे वेटोळ्याचे तापमान २०० अंशांनी चढले, तर त्याचा रोध सुमारे पाऊणपटीने वाढतो. विवर्धक दाब तोच ठेवतो, त्यामुळे प्रवाह घटतो आणि ध्वनिदाब ५ डेसिबेलपर्यंत खाली येऊ शकतो. म्हणजे वॅट वाढवीत गेल्यास, ज्या प्रमाणात वाढ अपेक्षित होती तीदेखील पदरी पडत नाही.

दोन ध्वनिक्षेपकांच्या संवेदितेतील लहानसा दिसणारा फरक विवर्धकाच्या वॅटांत किती मोठा होतो, हे पाहण्याजोगे आहे. एकाची संवेदिता ८५ डेसिबेल व दुसऱ्याची ९१ डेसिबेल असेल, तर ६ डेसिबेलांचा हा फरक शक्तीच्या भाषेत चौपट होतो. पहिल्याला १०० वॅट देऊन जी पातळी मिळेल, ती दुसऱ्याला २५ वॅटांत मिळेल. दुकानात मात्र वॅटचा आकडा वेष्टनाच्या दर्शनी भागावर असतो, आणि संवेदितेचा आकडा माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर शोधावा लागतो.

तो शोधतानाही सावध असावे. पुष्कळदा संवेदिता १ वॅटला न सांगता २.८३ व्होल्टला सांगितलेली असते. ८ ओहमच्या भारात २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅटच. परंतु ४ ओहमच्या भारात तेवढ्याच दाबाने २ वॅट खर्च होतात. असा ध्वनिक्षेपक कागदावर ३ डेसिबेलांनी सरस दिसतो. हे सरसपण त्याच्या अंगचे नसून विवर्धकाकडून दुप्पट शक्ती घेऊन मिळविलेले असते.

मग सर्वच ध्वनिक्षेपक अधिक संवेदितेचे का करीत नाहीत? याचे उत्तर भौतिकीत आहे. पेटीचा आकार, मंद्र स्वरांचा विस्तार आणि कार्यक्षमता या तीन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. पेटी लहान हवी आणि मंद्र स्वर खोलवर हवे, तर कार्यक्षमता सोडावी लागते. अमेरिकी ध्वनितज्ज्ञ जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘लोहनियम’ हाच. तीनपैकी कोणत्याही दोन गोष्टी मिळतात, तिसरी सोडावी लागते.

या नियमाची दोन टोके एकाच कालखंडात दिसून आली. १९४० नंतरच्या दशकात पॉल क्लिप्श यांनी खोलीच्या कोपऱ्यात बसणारा, भिंतींचाच कर्ण्याच्या विस्तारासाठी उपयोग करून घेणारा प्रचंड ध्वनिक्षेपक तयार केला. त्याची संवेदिता १०० डेसिबेलांच्याही वर होती, त्यामुळे काही थोड्या वॅटांत तो दिवाणखाना भरून टाकी. पुढे १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद लहान पेटीत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून तितकेच खोल मंद्र स्वर साधले. पण त्यासाठी कार्यक्षमतेचा बळी द्यावा लागला. पेटी फडताळात मावू लागली आणि विवर्धकावरचा भार वाढला. १९४७ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेला विल्यमसन यांचा नावाजलेला विवर्धक १५ वॅटचा होता, आणि तो उत्तम घरगुती श्रवणास पुरेसा समजला जाई. ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाल्यावर उत्पादकांना लहान पेटीचा मार्ग सोयीचा वाटला. आजचे मोठे आकडे ही काही अंशी प्रगतीची खूण आहे, आणि काही अंशी लहान पेटीसाठी मोजलेली किंमत आहे.

३. खोली : अंतर आणि परावर्तन

संवेदिता १ मीटर अंतरावरची असते. श्रोता मात्र बहुधा तीन मीटरांवर बसलेला असतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबेलांनी उतरते, आणि १ मीटरवरून ३ मीटरवर जाताना ती सुमारे ९.५ डेसिबेल घटते. बंद खोलीत तसे होत नाही. भिंती, छत व जमीन यांवरून परावर्तित झालेला ध्वनी थेट ध्वनीत मिसळतो, आणि एका विशिष्ट अंतरापलीकडे परावर्तित भागच वरचढ ठरतो. त्यामुळे साधारण सामानसुमान असलेल्या दिवाणखान्यात ३ मीटरवरील घट ६ डेसिबेलांच्या आसपास धरण्यास हरकत नाही. जाड पडदे, गालिचे व गाद्या असलेल्या खोलीत ती अधिक, तर उघड्या फरशीच्या व रिकाम्या भिंतींच्या खोलीत ती कमी असेल.

डाव्या व उजव्या अशा दोन ध्वनिक्षेपकांमुळे पातळीत सुमारे ३ डेसिबेलांची भर पडते. म्हणजे ८८ डेसिबेल संवेदितेची जोडी, प्रत्येकी १ वॅट शक्ती आणि ३ मीटरवर बसलेला श्रोता, असे धरले तर हिशेब असा होतो : ८८ वजा ६ अधिक ३, म्हणजे ८५ डेसिबेल. ही पातळी घरगुती श्रवणाच्या दृष्टीने चांगलीच मोठी आहे. शेजारच्या माणसाशी बोलावयाचे तर तेथे आवाज चढवावा लागेल. आणि एवढ्यासाठी लागला तो केवळ १ वॅट. शांतपणे संगीत ऐकण्यास पुरेशी अशी ७५ डेसिबेलांची पातळी हवी असेल, तर प्रत्येकी एक दशांश वॅट पुरे होतो. शंभर वॅटांचा विवर्धक विकत घेणाऱ्या गृहस्थाच्या घरी बहुतेक वेळ एका वॅटाचाही खर्च होत नसतो, हे सत्य त्याला सांगितले तर त्याचा विश्वास बसणार नाही.

४. कान : संवेदनेचे गणित

साखळीची शेवटची कडी सर्वांत चमत्कारिक आहे. उद्दीपन वाढत जाते तसतशी संवेदनाही वाढते, परंतु सम प्रमाणात नव्हे. जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांच्या निरीक्षणांवरून फेखनर यांनी १८६० मध्ये असे प्रतिपादन केले, की संवेदना ही उद्दीपनाच्या लॉगरिथमाच्या प्रमाणात वाढते. हार्वर्डचे एस. एस. स्टीव्हन्स यांनी विसाव्या शतकात या नियमाची फेरतपासणी केली. लॉगरिथमाऐवजी घातनियम त्यांना प्रयोगांशी अधिक जुळणारा आढळला, आणि मोठेपणासाठी ‘सोन’ हे एकक त्यांनी १९३६ मध्ये सुचविले. या मापनपद्धतीतून निघालेला व्यावहारिक नियम असा : मध्यम पातळीच्या ध्वनीत पातळी १० डेसिबेलांनी वाढली, म्हणजे आवाज सुमारे दुप्पट मोठा वाटतो.

दहा डेसिबेल म्हणजे शक्तीत दसपट. याचाच अर्थ आवाज दुप्पट करावयाचा तर वॅट दसपट करावे लागतात. वर घेतलेल्या उदाहरणातील खोलीसाठी हा संबंध पुढील कोष्टकात मांडला आहे. त्यात ७५ डेसिबेलांचा मोठेपणा १ मानला असून, वेटोळे तापल्याने होणारी घट सोडून दिली आहे.

प्रत्येकी ०.१ वॅट : ७५ डेसिबेल : मोठेपणा १
प्रत्येकी १ वॅट : ८५ डेसिबेल : मोठेपणा २
प्रत्येकी १० वॅट : ९५ डेसिबेल : मोठेपणा ४
प्रत्येकी १०० वॅट : १०५ डेसिबेल : मोठेपणा ८

शक्ती हजारपट झाली, आणि संवेदना केवळ आठपट. ५० वॅटऐवजी १०० वॅटचा विवर्धक घेतला, तर वाढ ३ डेसिबेलांची होते व आवाज सुमारे सव्वापट मोठा वाटतो, दुप्पट नव्हे. ४० वॅट व ५० वॅट यांतील फरक तर १ डेसिबेलहूनही कमी आहे. संगीत ऐकता ऐकता एवढा फरक ओळखणे सामान्य श्रोत्यास कठीण जाते. तरीही किमतीच्या पत्रकात हे दोन विवर्धक दोन निरनिराळ्या श्रेणींत मोडतात.

कानाचा दुसरा विशेष असा, की सर्व कंप्रतांना तो सारखा दाद देत नाही. १९३३ मध्ये बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर व विल्डेन मन्सन यांनी समान मोठेपणाचे वक्र प्रसिद्ध केले. सुधारित मापनांनुसार, १,००० हर्ट्झच्या ४० डेसिबेल ध्वनीएवढा मोठा वाटण्यासाठी ५० हर्ट्झच्या ध्वनीची पातळी सुमारे ७८ डेसिबेल असावी लागते. म्हणजे फरक ३८ डेसिबेलांचा. हाच फरक १,००० हर्ट्झच्या ८० डेसिबेल ध्वनीशी तुलना करता सुमारे २२ डेसिबेलांवर येतो. आवाज कमी केला की मंद्र स्वर अधिकच लोपल्यासारखे वाटतात, आणि आवाज वाढविला की संगीत ‘भरदार’ वाटते, याचे कारण हेच. अनेक विवर्धकांवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असते, ते कमी आवाजात मंद्र स्वरांची ही तूट भरून काढण्यासाठी.

भरदारपणा वाढला म्हणजे गुणवत्ता वाढली, असा भ्रम श्रोत्यास होतो. दोन यंत्रणांची तुलना करताना एक किंचित मोठी वाजत असेल, तर श्रोता तिलाच श्रेष्ठ ठरविण्याचा संभव असतो. म्हणून तुलना करावयाची तर प्रथम दोन्हींची पातळी मापकाने मोजून सारखी करणे, ही प्रयोगाची पहिली अट होय.

५. मग मोठ्या विवर्धकाचे प्रयोजन काय

एका वॅटात काम भागत असेल, तर १०० वॅटांची गरज कशासाठी, असा प्रश्न येथवर आलेल्या वाचकास पडेल. उत्तर संगीताच्या स्वरूपात आहे. वरील हिशेब सरासरी पातळीचा आहे. संगीत मात्र सरासरीवर स्थिर राहात नाही. तंबोऱ्याचा नाद अखंड व जवळजवळ समपातळीचा असतो. त्याच मैफलीतील तबल्याची थाप काही मिलिसेकंदांपुरती सरासरीच्या कितीतरी वर उसळते. चांगल्या ध्वनिमुद्रणात शिखर व सरासरी यांतील अंतर १० ते २० डेसिबेल असू शकते. अंतर २० डेसिबेल असेल, तर शिखराच्या क्षणी सरासरीच्या शंभरपट शक्ती लागते. सरासरी १ वॅट असलेल्या संगीतासाठी १०० वॅटांची क्षणिक मागणी येते ती अशी.

विवर्धकाचे उरलेले वॅट म्हणजे या शिखरांसाठी राखून ठेवलेली शिल्लक होय. धरणाच्या सांडव्याची क्षमता रोजच्या विसर्गावरून ठरवीत नाहीत, महापुरावरून ठरवितात. तोच न्याय येथे लागू पडतो. परंतु ही शिल्लक किती असावी हे ध्वनिमुद्रणावर अवलंबून असते. १९९० नंतरच्या पुष्कळ लोकप्रिय ध्वनिमुद्रणांत शिखरे दाबून सरासरी वर उचललेली असते. तेथे शिल्लक कमी लागते. मात्र सरासरी शक्ती जास्त असल्याने वेटोळे अधिक तापते.

शिल्लक अपुरी पडली तर काय होते, हेही पाहणे अगत्याचे आहे. विद्युत् पुरवठ्याच्या मर्यादेपलीकडे विवर्धकाचा दाब चढू शकत नाही, त्यामुळे तरंगाचा माथा छाटला जातो. ज्यातरंगाऐवजी हळूहळू चौरस तरंग तयार होऊ लागतो. पूर्ण चौरस झालेल्या तरंगाची सरासरी शक्ती तेवढ्याच उंचीच्या ज्यातरंगाच्या दुप्पट असते, आणि त्यात मूळ ध्वनीत नसलेल्या उच्च कंप्रतांची भर पडते. उच्च स्वरांसाठी असलेल्या ट्वीटरचे बारीक वेटोळे थोड्याच सरासरी शक्तीसाठी घडविलेले असते, कारण संगीतातील बहुतांश ऊर्जा खालच्या कंप्रतांत असते. माथे छाटले गेले, तरीही श्रोता बटण फिरवीतच राहिला, तर खालच्या स्वरांची वाढ थांबते, पण वरच्या स्वरांची सरासरी शक्ती वाढतच जाते व ट्वीटर जळतो.

‘लहान विवर्धक ध्वनिक्षेपक जाळतो’ ही दुरुस्तीकारांमध्ये प्रचलित असलेली उक्ती या अर्थाने खरी आहे. दोष विवर्धकाच्या लहानपणाचा नाही; कर्कशपणाची सूचना ऐकूनही बटणावरून हात न काढणाऱ्याचा आहे. तसेच, ध्वनिक्षेपकावर ‘१०० वॅट’ लिहिलेले असते त्याचा अर्थ तो १०० वॅट निर्माण करतो किंवा त्याला तेवढे द्यावेच लागतात, असा नाही. विहित चाचणीत तेवढी शक्ती तो सोसू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. तो मोठेपणाचा निदर्शक नसून सहनशीलतेचा आहे.

६. निवड आणि श्रवणरक्षण

या विवेचनातून यंत्रणा निवडण्याचा क्रम आपोआप निघतो. प्रथम खोलीचा आकार व बसण्याचे अंतर पाहावे. मग ध्वनिक्षेपकाची संवेदिता व संरोध. आणि शेवटी, इच्छित सरासरी पातळीवर १५ ते २० डेसिबेलांची शिल्लक धरून विवर्धकाचे वॅट ठरवावे. बाजारातील रूढ क्रम नेमका उलटा आहे. आवाज कमी पडतो म्हणून विवर्धकाचे वॅट दुप्पट करण्यापेक्षा अधिक संवेदितेचा ध्वनिक्षेपक आणणे किंवा खुर्ची थोडी पुढे सरकविणे पुष्कळदा अधिक फलदायी ठरते. यांपैकी शेवटच्या उपायास तर खर्चही नाही.

परंतु कानाच्या ज्या गुणामुळे वॅटांचा अपव्यय होतो, त्याच गुणात धोकाही दडलेला आहे, आणि तो पैशाच्या हानीहून गंभीर आहे. शक्ती दसपट झाली तरी कानाला आवाज केवळ दुप्पट वाटतो. अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशींवर मात्र पडणारा भार ऊर्जेच्या हिशेबाने वाढतो. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्यसंस्थेने कामगारांसाठी शिफारस केलेली मर्यादा ए-भारित ८५ डेसिबेलांस दिवसाकाठी आठ तास आहे, आणि पातळी दर ३ डेसिबेलांनी वाढली की हा अवधी निम्मा होतो : ८८ डेसिबेलांस चार तास, ९१ डेसिबेलांस दोन तास, ९४ डेसिबेलांस एक तास, आणि १०० डेसिबेलांस अवघी पंधरा मिनिटे. वरील उदाहरणातील खोलीत १०० डेसिबेलांची सरासरी पातळी प्रत्येकी सुमारे ३२ वॅटांत गाठली जाते. ८५ वरून १०० वर जाताना श्रोत्याला आवाज तिप्पटीहून कमी वाढल्यासारखा वाटतो; सुरक्षित अवधी मात्र बत्तिसाव्या हिश्श्यावर येतो. संवेदना येथे पुरेसा इशारा देत नाही. नष्ट झालेल्या केशपेशी मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत, म्हणून ही हानी भरून निघत नाही.

घरातील आवाज घरापुरताच राहतो असेही नाही. भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनुसार निवासी क्षेत्रासाठी ए-भारित सरासरी पातळीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल आहे, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेहून ५ डेसिबेलांपेक्षा अधिक असता कामा नये. भिंतींनी अडविला जातो तो बहुतांशी उच्च स्वरांचा भाग. मंद्र स्वर भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या घरी पोचतात. ज्या मंद्र स्वरांच्या भरदारपणासाठी श्रोता बटण पुढे सरकवितो, तेच शेजाऱ्याच्या वाट्याला येतात.

तात्पर्य, विवर्धकाचे वॅट हे आवाजाच्या मोठेपणाचे माप नसून, संगीताची शिखरे न छाटता पुढे पाठविण्याच्या सामर्थ्याचे माप आहे. कोणत्याही परिमाणाचा आकडा समोर आला, की तो कोणत्या अटींवर मोजला, साखळीच्या कोणत्या कडीवर मोजला आणि ज्या गोष्टीची अपेक्षा आहे तिच्याशी त्याचा संबंध सम प्रमाणाचा आहे की अन्य प्रकारचा, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय भौतिकीच्या अभ्यासकाने प्रयोगशाळेत लावून घेतलेली असते. तीच सवय दुकानात आणि घरच्या दिवाणखान्यातही सोबत नेली, तर त्याचा पैसा वाचेल, आणि त्याचा कान सुरक्षित राहील.